हात फिरवून बसणारी माणसं

आमच्या गल्लीतला माणूस जगाच्या पाठीवर कुठेही ओळखू येतो. खुर्ची दिसली की तो आधी तिच्यावरून तळहात फिरवतो, मग तळहाताकडे बघतो आणि मग बसतो. दवाखान्यात, बँकेत, सिनेमाला, कुठेही. समोरचे हसतात, हे त्याच्या गावीही नसतं. एकदा परगावी एका हॉटेलात जेवायला गेलो, तर पलीकडच्या टेबलाशी एक अनोळखी गृहस्थ बाकावरून हात फिरवताना दिसला. विचारलं, तर निघाला आमच्याच गावचा, नदीपलीकडचा. मिठी मारायची तेवढी बाकी ठेवली आम्ही.

या सवयीचं कारण म्हणजे वस्तीच्या वरच्या अंगाला असलेला विजेचा कारखाना. कोळशावर चालतो. दोन धुराडी आहेत, त्यांना आम्ही थोरलं आणि धाकटं म्हणतो. परक्या माणसाला वाटतं, त्यांतून काळाकुट्ट धूर निघत असेल. तसं काही नाही. धूर पांढरा, अगदी सभ्य दिसणारा. राख उतरते ती पहाटे, गुपचूप, तोंडाला लावायच्या पावडरीसारखी मऊ आणि करड्या रंगाची. म्हणून आमच्याकडे कप पालथे ठेवायचे, उशी डोक्याखाली घेण्याआधी झटकायची, पाण्यावर झाकण आणि झाकणावर फडकं. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. आमची मुलं चित्रातल्या झाडाला करडा रंग देतात आणि शाळेत त्यांना पूर्ण मार्क मिळतात.

मी कोपऱ्यावर लाँड्री चालवतो. पांढऱ्या कपड्यांचा धंदा मी राखेच्या कुशीत मांडला, यावरून माझी अक्कल ओळखावी. बाहेर दोरीवर मी कधी रुमालही घातला नाही. दुकानामागच्या खोलीच्या खिडक्यांच्या फटी रबराच्या पट्ट्यांनी बुजवून आत पंख्याखाली कपडे वाळवतो. त्यामुळे गल्लीतली सगळ्यांत स्वच्छ खोली माझी, असं लोक म्हणतात. हे फक्त फडकेआजीला मान्य नव्हतं.

तिचं आडनाव फडके नव्हे. हातात सदोदित फडकं, म्हणून फडकेआजी. माझ्या समोरच्याच घरात ती, तिचा मुलगा, सून आणि नात. मुलगा कारखान्यातच ठेकेदाराकडे वेल्डर, सून पोस्टात. आजी पहाटे उठून आधी खिडक्यांच्या चौकटी पुसायची, मग टेबलं, मग खुर्च्या, मग पुन्हा चौकटी, कारण तोवर त्या परत करड्या झालेल्या असत. दुपारी दुसरा हात, संध्याकाळी तिसरा.

"आजी, बसा की जरा," मी दुकानातून ओरडायचो.

"बसते. आधी राख बसू दे," ती तिकडून ओरडायची. बोलण्यात ती कुणाला हार गेलेली मी पाहिली नाही.

नातीला सगळे ठकी म्हणत. तिसरीत होती. पोरीच्या छातीत कायम घरघर. चार पायऱ्या चढली की दम लागायचा आणि तो लपवायला ती बुटाची नाडी बांधायला खाली बसायची. पायात चपला असल्या तरी बसायची. सकाळ-संध्याकाळ आजी तिला वाफेच्या मशीनसमोर बसवायची. तोंडावरच्या मुखवट्याची नळी हातात धरून ठकी खिडकीतून मला हत्ती करून दाखवायची. मला स्वतःला मूलबाळ नाही. ती पोर मला फार आवडायची, हे आत्ताच सांगून टाकतो.

डॉक्टरांनी घरच्यांना स्पष्ट सांगितलं होतं, "दोन धुराड्यांत ती कशीबशी निभावतेय. तिसरं उभं राहिलं, तर मात्र तिला इथे ठेवू नका."

आणि पुढच्याच वर्षी कंपनीने तिसऱ्याची घोषणा केली.

गल्ली विरोधाला उभी राहिली, असं पेपरात आलं. खरं तर गल्ली आधी बराच वेळ बसूनच होती. निम्म्या घरांची चूल कारखान्याच्या पगारावर. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी गत. सगळ्यांना उठवलं ते मास्तरीणबाईंनी. भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, आणि गल्लीतल्या प्रत्येकाचा कान कधी ना कधी पिरगळलेल्या. त्यांनी सह्या गोळा केल्या, वकील गाठला, हरकती नोंदवल्या. कंपनीने उत्तर दिलं की, नवे फिल्टर बसवल्यापासून वस्तीवर राख पडतच नाही. शेवटी सरकारने तिघांची समिती नेमली. तिने घराघरांत जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आणि तिसऱ्याबद्दल काय ते सांगायचं.

तारीख कळली तशी शाळेच्या हॉलमध्ये सभा झाली. सगळे खुर्च्यांवरून हात फिरवून बसले.

"बघा," मास्तरीणबाई म्हणाल्या, "आत्ता काय केलंत? पुरावा पुसलात. रोज उठून आपण हेच करतो. कंपनीला वकील हवेतच कशाला? आपण आहोत ना, फडकी घेऊन! आजपासून पाहणी होईपर्यंत कुणीही काहीही पुसायचं नाही. खिडक्या उघड्या ठेवा. समितीला घराघरांत राख दिसली पाहिजे."

हशा झाला. मग एकेक हात वर गेला. फडकेआजीचा गेला नाही.

"आणि पोरीच्या छातीचं काय?" तिने विचारलं.

"ठकी आठ दिवस लाँड्रीच्या मागच्या खोलीत झोपेल," मास्तरीणबाईंनी ठरवून टाकलं. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर हो म्हणणारच होतो. आजी सभेतून तडक माझ्याकडे आली, मागच्या खोलीतल्या फळ्यांवरून बोट फिरवलं, बोट उजेडात धरलं आणि म्हणाली, "चालेल. पण पंख्याची पाती पुसून घे."

कंपनीचा जनसंपर्कवाला, त्याला आम्ही नुसतं टाय म्हणायचो, दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या गेटवर आजीच्या मुलाला भेटला. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत."

"वासे मीच जोडलेत, साहेब," मुलगा म्हणाला. "मोजायला कशाला हवेत, पाठच आहेत." एरवी हा माणूस दिवसाकाठी दहा शब्द बोलायचा नाही.

तो आठवडा आजीने कसा काढला, ते मी समोरून पाहिलं. ती दोन्ही हात मांडीखाली दाबून खुर्चीत बसून राहायची. मध्येच उठायची, टेबलापाशी जायची, परत यायची. एकदा मी हाक मारली तर म्हणाली, "मला बोलू नकोस. मला खाज सुटलीय." ठकीला मात्र गंमत. शाळेतून आली की घरच्या टेबलावरच्या राखेत बोटाने मांजर काढायची आणि आजीला दाखवायची. आजी डोळे मिटून घ्यायची.

पाहणीच्या दिवशी मी दुकानात उतरलो तर काउंटर आरशासारखा लखलखीत.

"हे काय केलंस?" मी बायकोला विचारलं.

"लोक आपल्याकडे कपडे धुवायला टाकतात. काउंटरवर राख बघून कोण टाकेल?" ती म्हणाली. "आणि एवढी घरं आहेत की गल्लीत. बघू देत त्यांच्याकडची राख."

मला ते पटलं. एका काउंटरने असा काय फरक पडणार?

समिती आली. अध्यक्ष म्हणजे पोट सांभाळत चालणारे एक शांत गृहस्थ, बरोबर एक इंजिनिअर आणि एक चष्मेवाल्या शास्त्रज्ञ बाई. मागे टाय, त्याच्यामागे मास्तरीणबाई, त्यांच्यामागे आम्ही. पहिलं घर सुताराचं. दार उघडलं आणि मास्तरीणबाईंचा चेहरा उतरला. घर चकचकीत. जमीन अजून ओली. दुसरं घर, तिसरं, चौथं, तेच. एकीने तर पडदेसुद्धा बदलले होते. आणि प्रत्येक दारात यजमानीण मास्तरीणबाईंची नजर चुकवून हळूच तेच पुटपुटत होती, "पाहुणे यायचे आणि घर असं ठेवायचं? बाकीची घरं आहेत ना!"

फडकेआजीचं घर तर बघण्यासारखं होतं. दिव्याच्या काचा, दाराच्या बिजागऱ्या, रेडिओची बटणं, सगळं पुसलेलं. आठ दिवसांची भूक तिने एका पहाटेत भागवली होती.

"अहो आजी," मास्तरीणबाई दात आवळून म्हणाल्या, "तुम्हीसुद्धा?"

"परकी माणसं घरात येणार," आजी म्हणाली. "सून नोकरीला जाते म्हणून घर उकिरडा, असं म्हणाली असती." तिचा आवाज मात्र मोठा नव्हता.

शब्दाला जागलेलं एकच घर निघालं, ते मास्तरीणबाईंचं. तिथे कपाटांवर, पुस्तकांवर, पृथ्वीच्या गोलावर सगळीकडे राखेचा जाड थर होता. मला वाटलं, चला, हे तरी बघतील. टाय नुसता हसला. अध्यक्षांना अदबीने म्हणाला, "साहेब, एकाच आभाळाखाली सगळी घरं स्वच्छ आणि हे एकच असं. आता यात दोष धुराड्याचा की घरच्या माणसाचा, मी काय बोलणार?"

मास्तरीणबाईंना आयुष्यात कुणी घाणेरडं म्हटलं नव्हतं. पाहुण्यांना बसायला सांगायचं म्हणून पुढे झाल्या आणि बोलता बोलता सवयीने तिन्ही खुर्च्यांवरून तळहात फिरवला.

"हे तुम्ही सगळेच करता," चष्मेवाल्या बाई म्हणाल्या. "प्रत्येक घरात पाहिलं मी. का करता?"

"काय करतो?" मास्तरीणबाईंनी विचारलं. त्यांच्या खरोखरच ध्यानात आलं नव्हतं.

अहवाल आला. 'घरांत राखेचा थर आढळला नाही. वस्ती विशेष स्वच्छ आढळली.' शेवटी चष्मेवाल्या बाईंनी वेगळा शेरा मारला होता की, आगाऊ कळवून केलेली पाहणी पुरेशी नाही, न सांगता पुन्हा जायला हवं. त्या शेऱ्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. कंपनीने 'विशेष स्वच्छ' हे दोन शब्द मोठ्या अक्षरांत छापून गल्लीच्या तोंडाशी फलक लावला. आमच्याच तोंडाला आमचीच पानं पुसली गेली. तिसऱ्याच्या जागेवर सपाटीकरणाचं मशीन फिरू लागलं आणि त्याच्या धुळीने ठकीचा खोकला वाढला.

थंडीत तिची छाती नेहमीच बिघडायची. थंडी सुरू व्हायच्या आत तिला मामाकडे पाठवायचं ठरलं. मामा डोंगरापलीकडे राहायचा, तिथे कारखाना नव्हता. तिकडच्या शाळेत नावही घातलं.

निघायच्या सकाळी मी ठकीच्या फ्रॉकना इस्त्री करून घेऊन गेलो. घरात नुसती पळापळ. आजी बॅग भरत होती, त्यामुळे दोन दिवस टेबलांना फडकं लागलं नव्हतं. ठकी आपल्या अभ्यासाच्या टेबलाशी गेली, सवयीने त्यावरून तळहात फिरवला, हात फ्रॉकला पुसला आणि कंपासपेटी उचलून बापाचं बोट धरलं. दारात तिने मला हत्ती करून दाखवला. मुखवटा नव्हता, नुसत्या हाताचाच केला.

बस गेल्यावर आजी माझ्या दुकानाच्या पायरीवर बसली. हात न फिरवता बसली.

"मी पुसलं म्हणून गेली ती," आजी म्हणाली.

"सगळ्यांनीच पुसलं, आजी."

"सगळ्यांची नात गेली का?"

मी इस्त्री तापवत ठेवली.

रविवारी संध्याकाळी ठकीचा फोन यायचा. एका रविवारी मी आजीकडे धुतलेल्या चादरी द्यायला गेलो होतो, तेव्हा आजीने फोन मोठ्या आवाजावर लावला. पोरीचा आवाज मला ओळखूच आला नाही. मध्ये कुठे थांबत नव्हता.

"आजी, इथे ना, खुर्चीवरून हात फिरवला तरी हाताला काहीच लागत नाही. मामी मला हसते. आणि आम्ही आज टेकडीच्या वर पळत गेलो, मी तिसरी आले."

"नाडी किती वेळा बांधलीस?" आजीने विचारलं.

"कुठली नाडी?" ठकी म्हणाली.

फोन ठेवल्यावर आजी उठून कामाला लागली. खिडक्या, खुर्च्या, कपाट, सगळं पहिल्यासारखं पुसत होती, पण ठकीच्या टेबलाला वळसा घालून जात होती. त्या टेबलावर राखेचा थर चढला होता. ठकीचा हात जिथून फिरला होता, तो पट्टा बाकीच्या थरापेक्षा थोडा खोल होता. पाच बोटं कुठे सुरू झाली, तेही दिसत होतं.

"हे राहिलं," मी म्हणालो.

"राहू दे," ती म्हणाली.

हिवाळा सरला. आणि एक दिवस, गल्ली अजून दात घासत असताना, चष्मेवाल्या बाई रिक्षातून उतरल्या. मास्तरीणबाईंनी आणि वकिलांनी तो शेरा धरून वरच्या कचेरीत इतके हेलपाटे घातले होते की शेवटी न कळवता फेरपाहणीचा हुकूम निघाला. बाईंबरोबर फक्त एक मदतनीस होता आणि एक पेटी. टाय कामावर यायला अजून तासभर होता.

त्यांनी रिक्षासमोरचंच दार वाजवलं. ते फडकेआजीचं. मी साबणाचा हात घेऊनच मागोमाग गेलो.

घर बऱ्यापैकी स्वच्छ होतं. बाई नजर फिरवत टेबलापाशी थांबल्या आणि बोट पुढे केलं.

"हात लावू नका," आजी म्हणाली.

बाईंनी बोट मागे घेतलं. चष्मा सरळ करून त्या टेबलाच्या पातळीपर्यंत वाकल्या. बराच वेळ त्या पट्ट्याकडे बघत राहिल्या.

"हा कुणाचा हात?"

"नातीचा. गेली त्या दिवसाचा."

"तेव्हापासून पुसलं नाही?"

"नाही. ती आली की पुसणार आहे."

बाईंनी पेटी उघडून काचेची नळी काढली. मग म्हणाल्या, "आजी, मला यातली चिमूटभर लागेल. एका कोपऱ्यातली घेते. हाताला धक्का लावत नाही."

आजीने मान हलवली. बाईंनी कोपऱ्यातून राख काढून नळीत भरली, थराची जाडी मोजली, फोटो काढले. नंतर त्या इतर घरांतही गेल्या. पहाटेची राख अजून कुणी पुसली नव्हती, त्यामुळे त्यांना ती सगळीकडे सापडली. टाय धापा टाकत पोचला तेव्हा रिक्षा वळत होती.

तिसरं धुराडं नामंजूर झालं. अहवालात राख कारखान्याचीच असल्याचं आणि ती छातीला घातक असल्याचं लिहिलं होतं. फलक आम्हीच खाली ओढला. मास्तरीणबाई भर रस्त्यात रडल्या, मग रडताना पाहणाऱ्या एकदोघांना त्यांनी दटावलं. आजीच्या मुलाला मात्र ठेकेदाराने दुसऱ्या दिवशी घरी बसवलं. घरी आल्यावर तो एवढंच म्हणाला, "आता ठकीला आणायला मी मोकळाच आहे."

डॉक्टरही म्हणाले, "आणा की. तिसरं तर होत नाही. पूर्वी जमत होतं, तसं जमेल."

शनिवारी मुलगा निघणार होता. शुक्रवारी आजीने ठकीचं टेबल पुसलं. मी दुकानातून पाहत होतो. तिने आधी तळहात त्या पट्ट्यावर ठेवला, मग उचलला, आणि ओल्या फडक्याने एका दमात सगळं टेबल साफ केलं. मला बरं वाटलं. इतक्या महिन्यांनी मी शीळ घालत इस्त्री केली.

शनिवारी सकाळी ठकीच्या पलंगाची चादर आणि उशीचा अभ्रा घेऊन मी समोर गेलो. अभ्रा असा पांढरा काढला होता की माझा मलाच अभिमान वाटावा. मुलगा बॅग घेऊन दाराशी बसला होता. आजी टेबलापाशी उभी होती. तिने मला जवळ बोलावलं, टेबलावरून तळहात फिरवला आणि माझ्यापुढे धरला.

तळहात करडा झाला होता. काल पुसलेलं टेबल, एका रात्रीत. खिडकीतून थोरलं आणि धाकटं दोन्ही दिसत होती, पांढरा सभ्य धूर सोडत. आम्ही तिसऱ्याशी भांडलो, जिंकलो, आणि या दोघांना विसरलोच होतो.

तेवढ्यात फोन वाजला. आजीने फोन राखेच्या हाताने उचलला.

"आजी, बाबा निघाले का? मी बॅग भरून बसलेय! मामी म्हणाली आपण जिंकलो!"

आजीने मुलाकडे पाहिलं. त्याने तिच्या तळहाताकडे पाहिलं, आणि हळूच बॅग खांद्यावरून काढून खाली ठेवली.

"नाही गं बाळा, अजून नाही निघाला," आजी म्हणाली. "घर पुसायचं राहिलंय माझं."

"मग किती वेळ लागेल?"

"लागेल थोडा. तू पळायला जा बघू टेकडीवर. आज पहिली ये."

तिने फोन ठेवला. मी चादर हातात घेऊन तसाच उभा होतो.

"ने ती परत," आजी मला म्हणाली. "इथे खराब होईल."

मी चादर छातीशी धरून रस्ता ओलांडला आणि मागच्या खोलीत ठेवून दिली.